दहाचं दार

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी लोंगतांग प्राथमिक शाळेच्या पहिलीच्या वर्गात ल्याओ यिंगजू नावाच्या सात वर्षांच्या मुलीनं सतराव्या प्रश्नातल्या चार चित्रांभोवती चार वेगवेगळी वर्तुळं काढली, पेन्सिल खाली ठेवली आणि हाताची घडी बाकावर घालून ती बसून राहिली.

प्रश्न सोपा होता. ज्या चित्रांच्या नावांचा उच्चार सारखा, ती एका वर्तुळात घ्यायची. चित्रं चार. दोन पसरलेले पंजे, म्हणजे दहा. नदीकाठचा दगड. भरलेली वाडगी, म्हणजे अन्न. आणि घड्याळ, म्हणजे वेळ. प्रत्येकाखाली त्याचं अक्षर छापलेलं होतं. शाळेच्या भाषेत ही चारही नावं ‘शी’. सूरसुद्धा एकच, खालून वर चढणारा. एक मोठं वर्तुळ काढलं की गुण मिळाला. वर्गातल्या त्रेचाळीस मुलांपैकी एकोणचाळीस जणांनी तेच केलं. तिघांनी घड्याळ बाहेर ठेवलं. यिंगजूनं काहीच कशाला जोडलं नाही.

वर्गशिक्षिका वेनबाईंनी मधल्या सुट्टीत पेपर तपासले. यिंगजूला वीसपैकी सात.

बारा ही सीमारेषा होती. बाराच्या खालच्या मुलांची यादी शुक्रवारी चार वाजेपर्यंत उपमुख्याध्यापक ल्वो यांच्याकडे द्यायची, तिथून ती जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात जायची. यादीत नाव आलं की दोन गोष्टी व्हायच्या. मुलाचे कान तपासायचे, आणि घरच्यांनी एका कागदावर सही करायची, की आजपासून आम्ही मुलाशी घरात फक्त शाळेचीच भाषा बोलू. यंदा पहिलीत असं एकच नाव होतं.

यिंगजूच्या घरात दोन माणसं. ती आणि तिचे आजोबा. आईबाप दूर शेनझेन शहरात, कारखान्यात. आजोबा बुरूड, वय एकाहत्तर, जन्मभर हाक्का ही तिथली बोली बोललेले. शाळेच्या भाषेतलं त्यांना टीव्हीवरचं हवामान तेवढं कळायचं, तेही ढगांच्या चित्रावरून. म्हणजे त्या कागदावर सही झाली असती, तर त्या घरात बोलणंच थांबलं असतं. हे वेनबाईंना कागद हातात घेताना लख्ख दिसत होतं. तरीही त्यांनी कोऱ्या यादीत पहिलं नाव लिहिलं. नियम नियम होता, आणि स्वच्छ उच्चारासाठी जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळवलेल्या बाई म्हणून त्यांची नेमणूक याच वर्गावर झाली होती.

मग त्यांचं लक्ष चौथ्या प्रश्नाकडे गेलं. तिथे सुरुवातीचा आवाज सारखा असलेली चित्रं जोडायची होती, आणि मुलीनं फूल, वाघ आणि वारा एका वर्तुळात घेतले होते. शाळेच्या भाषेत ‘ह्वा’, ‘हू’ आणि ‘फंग’. वारा त्यात बसत नाही. पण वेनबाईंच्या आईच्या तोंडी फूल ‘फा’ होतं, वाघ ‘फू’ होता आणि वारा ‘फुंग’.

त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं.

*

दुपारच्या जेवणानंतर मुलं बाकावर डोकं टेकून झोपतात. यिंगजू झोपली नव्हती. वेनबाईंनी तिला व्हरांड्यात बोलावलं. ‘शाळेची भाषा बोला, शुद्ध अक्षर लिहा’ या पाटीखाली एक बाक होतं, तिथे दोघी बसल्या. मुलीचे पुढचे वरचे दोन दात पडले होते. बाईंनी सतरावा प्रश्न तिच्यासमोर धरला.

“यिंगजू, ह्या चौघांना काय म्हणतात, सांग बरं.”

“कुणाच्यात?”

“कुणाच्यात म्हणजे?”

“तुमच्यात की आमच्यात?”

“माझ्यात सांग आधी.”

“शी, शी, शी, शी,” यिंगजू म्हणाली. चारही वेळा सूर बरोबर लागला, दात नसूनही.

“येतंय की तुला. मग वेगळी वर्तुळं का काढलीस?”

“कागदावर लिहिलंच नव्हतं ना, कुणाच्यात ते. अक्षर बोलत नाही, बाई. आपण बोलतो.”

“अगं, पण शाळेचा पेपर आहे. शाळेचंच धरायचं.”

मुलीनं जरा विचार केला. “तसं धरलं तर मग करायला काय राहिलं? सगळेच शी. एवढं सोपं कोण विचारतं? मला वाटलं, आमच्यातलं विचारलंय.”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. “बरं. तुमच्यात सांग.”

मुलीनं दगडावर बोट ठेवलं. “साक्.” अन्नावर. “सित्.” घड्याळावर. “सी.” मग पसरलेल्या पंजांवर. “सिप्.”

मराठीत आपण पाय मोडून लिहितो तशी ही शेवटची अक्षरं. उच्चार पुरा होण्याच्या आत तोंड मिटतं आणि आवाज आतच राहतो. वेनबाई हे शब्द जन्मापासून ऐकत आणि बोलत आल्या होत्या. आईला फोनवर ‘दहा अंडी पाठव’ म्हणताना त्यांच्या तोंडून ‘सिप्’च जायचं.

“ह्यांना दारं आहेत,” यिंगजू म्हणाली.

“कसली दारं?”

“तोंडाची. दगडाचं दार इथे.” तिनं गळ्यावर बोट ठेवलं. “अन्नाचं दार दातांच्या मागे. माझे दात नाहीयेत सध्या, पण जीभ लावली की पुरतं. आणि दहाचं दार इथे.” तिनं ओठ मिटून दाखवले. “वेळेला दारच नाही. ती उघडीच राहते. म्हणून चार वर्तुळं.”

वेनबाईंनी चारही वर्तुळं पुन्हा एकदा पाहिली.

“तुम्ही म्हणून बघा, बाई. दहा म्हणा. आमच्यातलं.”

पाटीखाली बसून बाई हळूच म्हणाल्या, “सिप्.”

“बघा,” मुलगी म्हणाली. “मिटले.”

आणि खरोखर ओठ मिटले होते. वेनबाईंना स्वतःचे मिटलेले ओठ जाणवले, जणू कुणीतरी पहिल्यांदाच तिथे बोट ठेवलं. त्या भाषा शिकवत होत्या. उच्चारांची चार पुस्तकं त्यांच्या कपाटात होती. आपलं तोंड दहा म्हणताना बंद होतं हे त्यांना एकतीस वर्षांत कळलं नव्हतं.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. आकुंगना विचारलं तर ते म्हणतात, दार-बिर काही नाही, गप जेव.” आकुंग म्हणजे आजोबा. “पण माझ्या नावालासुद्धा आहे. शाळेत मी यिंगजू. घरी आत्सुक्. तिकडे उघडी, घरी गेले की बंद.” तिनं पुन्हा गळ्याला हात लावला. जू, त्सुक्. दोन्ही एकाच अक्षराचे उच्चार, अर्थ बांबू. बुरुडानं नातीला दिलेलं नाव.

झोपेची सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलगी उठून वर्गात गेली.

*

त्या संध्याकाळी जेवताना वेनबाईंनी आपल्या चार वर्षांच्या मुलीला सांगितलं, “म्हण, सिप्.”

“सिपू,” मुलगी म्हणाली.

“पू नाही. सिप्. ओठ मिटून घे.”

“सिपा.”

पाचसहा वेळा करून झालं. मुलीला ते जमेना. ओठ मिटायचे की ते लगेच उघडायचे आणि मागून एक ऊ नाहीतर आ बाहेर पडायचा. दार लावता येत नव्हतं. या घरात जन्मापासून फक्त शाळेची भाषा बोलली जात होती. तसं वेनबाईंनीच ठरवलं होतं, आणि आजवर शेजारीपाजारी त्याचं कौतुकच करत आले होते. नवरा ताटातून मान वर करून म्हणाला, “काय लावलंय हे?” बाई म्हणाल्या, “काही नाही. मोजतोय.” मुलीनं ते ऐकून एकापासून वीसपर्यंत अंक खडाखडा म्हणून दाखवले, शाळेच्या भाषेत, एकही चूक न करता.

*

बुधवारी साडेचारला वेनबाई यिंगजूबरोबरच तिच्या घरी निघाल्या. पपनसाच्या बागांमधून वाट होती, तोडणी संपत आली होती. पिशवीत दोन कागद होते. एक सहीचा आणि एक पेपर. पेपर पुन्हा तपासायचा त्यांनी रात्री प्रयत्न केला होता, हाक्का धरून. नवव्या प्रश्नापाशी त्या अडल्या. काही शब्द त्यांना आठवेनात, काही आठवले पण त्यांचं शेवटचं दार कुठलं ते सांगता येईना. उत्तरपत्रिका तपासायला त्यांना विद्यार्थिनीचे आजोबा लागत होते.

ल्याओ आजोबा अंगणात बांबू फोडत बसले होते. पायाशी कामट्यांचा ढीग, एक अर्धी विणलेली रोवळी. त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वरच्या वाडीतल्या वेनची ना तू? टोपल्या न्यायला यायचीस आईबरोबर. नाक गळायचं तुझं.”

“हो आजोबा, मीच ती.”

“बस. आता नाक पुसायला शिकवतेस ना पोरांना? बरं झालं.”

बाई ठेंगण्या स्टुलावर बसल्या. हाक्का बोलताना त्यांची वाक्यं मध्येच अडखळत होती, म्हातारा ते ऐकून घेत होता आणि हात थांबवत नव्हता. त्यांनी यादीचं सांगितलं, सीमारेषेचं सांगितलं, मग सहीचा कागद काढला.

“म्हणजे मी हिच्याशी बोलायचं नाही,” आजोबा म्हणाले.

“बोला. पण शाळेच्या भाषेत.”

“मला ती येत नाही. हिला जेवायला काय हाक मारू, टाळ्या वाजवू? कोंबड्यांना मारतो तशी?”

“सही केली नाही तर?” बाईंनीच विचारलं.

“ते तू मला सांगायचंस. मला कालच लेकाचा फोन आला. कुणीतरी त्याला कळवलंय. म्हणतो, पोरगी मागे पडतेय, नवं वर्ष झालं की इकडे घेऊन येतो, इथे आजूबाजूला कुणी हाक्का बोलत नाही, आपोआप सुधारेल.” कामटीचं टोक त्यांनी दातात धरलं आणि सोललं. “आपोआप. म्हणजे मी औषध नाही, आजार आहे.”

यिंगजू दप्तर ठेवून बाहेर आली. तिच्या हातात खारवलेल्या मोहरीच्या पाल्याची वाटी होती, ती बोटानं खात होती. वेनबाईंनी पेपर मांडला आणि एकेका चित्राला आजोबांकडून नाव विचारायला सुरुवात केली. म्हातारा आधी कुरकुरला, मग त्याला त्यात मजा वाटू लागली. हृदयाला ‘सिम्’, नव्या कपड्यांतल्या ‘नव्या’ला ‘सिन्’. शाळेच्या भाषेत दोन्ही ‘शिन’. यिंगजूनं वेगळी वर्तुळं काढली होती. बाईंनी हिरव्या पेननं खूण केली. वाघ, फूल, वारा. खूण. दगड, अन्न, वेळ, दहा. खूण. पावणेसहाला वीस प्रश्न संपले. एकोणीस बरोबर. चुकलेला एकच, तेरावा. तिथे पायातल्या जोड्याचं चित्र होतं.

“जोडा?” यिंगजूनं वाकून पाहिलं. “मला होडी वाटली. नाडी नाही काढलीये त्याला.”

“माझ्याही डोळ्यांना होडीच दिसते,” आजोबा म्हणाले. “अर्धा गुण दे पोरीला.”

वेनबाईंनी अर्धा गुण दिला नाही. त्यांनी हिरव्या पेननं एकोणीस लिहिलं. सात वर्षांच्या मुलीनं, कुणी न सांगता, वीस मिनिटांत हा अख्खा पेपर त्यांना पुरेशा न येणाऱ्या भाषेत सोडवला होता.

“आत्सुक्,” त्या पहिल्यांदाच तिला घरच्या नावानं म्हणाल्या, “तू शाळेतले नवे शब्द कसे लक्षात ठेवतेस?”

“लक्षात नाही ठेवत. करते.”

“करते म्हणजे?”

“आकुंगचा शब्द घ्यायचा आणि तुमच्यात नेयचा.” तिनं जीभ सावरली, दातांच्या फटीतून शब्द निसटला होता. “न्यायचा. जाताना तो बदलतो. पण सगळे एकसारखेच बदलतात. ओठांचं दार असेल आणि आवाज नाकातून येत असेल, तर ते दार दातांकडे सरकतं. तीन आमच्यात साम्, तुमच्यात सान. हृदय सिम्, शिन. दक्षिण नाम्, नान. आणि पुढे क असेल आणि मागोमाग इ, तर क चा ज होतो. सोनं किम्, जिन. नऊ क्यू, ज्यू.”

आजोबांचे हात थांबले. एवढा वेळ ते थांबले नव्हते.

“काय बोलतेय ही?”

“थांबा आजोबा,” वेनबाई म्हणाल्या. “तुम्ही एक शब्द सांगा. असा, जो हिला शाळेत अजून शिकवलेला नाही. टीव्हीवर पण ऐकला नसेल असा.”

म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. “टीव्हीवर ही सगळं बघते. ‘सिप्’ घे. दहा नाही. ओला असतो तो सिप्, खालच्या सुरातला. बांबू सिप् असताना फोडू नये, तो.”

“ओलं,” यिंगजू पुटपुटली. “ओठांचं दार, पण नाकातून नाही. असली दारं तिकडे जाताना गळूनच पडतात. स चा श होतो, दहासारखा. म्हणजे शी.” तिनं बोट चाटलं. “पण सूर कुठला ते नाही सांगता येत. बंद दाराचे शब्द तिकडे गेले की कुठल्याही सुरात पळतात. त्यांचा मला नियम सापडला नाही अजून.”

वेनबाईंनी मनातल्या मनात शब्द म्हणून पाहिला. ओलं. शी. सपाट, उंच सुरातलं. मुलीचं बरोबर होतं. आणि जे सांगता येत नाही म्हणाली, तेही बरोबर होतं. त्या सुरांना नियम नाही हे बाईंच्या पुस्तकात एका ओळीत छापलेलं होतं. त्यांनी ती ओळ पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती आणि विसरल्या होत्या.

“आणखी एक,” त्या म्हणाल्या.

“किआम्,” आजोबा म्हणाले. “तलवार. हिच्या पुस्तकात तलवार कशाला येईल.”

“क ला ज, म ला न,” मुलगी म्हणाली. “ज्यान.”

वेनबाई पाहत राहिल्या. मोहरीचा पाला खाणारी, दोन दात पडलेली पोर. लाखो माणसं शेकडो वर्षं बोलताबोलता ज्या वाटेनं एकमेकांपासून दूर गेली, ती वाट हिनं तोंडातल्या तोंडात चाचपडून शोधली होती. पहाडाच्या पोटात पाणी कुठून कुठे वाहतं ते वरून कुणाला दिसू नये, आणि एका लहान मुलीनं जमिनीला कान लावून सांगावं, तसं होतं ते.

“आता उलटं कर,” बाई म्हणाल्या. “मी माझ्यातला शब्द देते, तू तुमच्यात आण. शी.”

“नाही येत.”

“का?”

“कुठल्या दारानं आणू? दगडाच्या की दहाच्या?” तिला प्रश्नच खुळा वाटला. “जाताना जाता येतं, बाई. येताना नाही. तिकडे सगळे एकाच खोलीत राहायला गेलेत. बाहेरून हाक मारली की चौघंही ओ देतात.”

“ऐकलंस?” आजोबा वेनबाईंना म्हणाले. त्यांच्या आवाजात गुर्मी आली होती. “तुमच्या भाषेनं दारं खाल्ली सगळी.”

“तुम्हीसुद्धा खाल्लीत, आकुंग.”

“मी काय खाल्लं?”

“पाच आणि मासा. तुमच्यात दोन्ही ङ्. नुसता सूर वेगळा. बाईंच्यात पाच वू आणि मासा यू. ते त्यांनी ठेवलंय, तुम्ही नाही.”

वर्णमाला पाठ करताना एकदा म्हणून टाकायचा आणि पुन्हा शब्दाच्या तोंडी कधी न भेटणारा आपला ङ. म्हाताऱ्यानं तो दोनदा म्हणून पाहिला, एकदा पाचाचा, एकदा माशाचा. तोंड न उघडता. मग त्यानं नातीकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्याच घरात एक जास्तीची खोली सापडल्यावर पाहील.

“एकाहत्तर वर्षं,” तो म्हणाला. “कुणी सांगितलं नाही.”

निघताना बाईंनी सहीचा कागद पिशवीत परत घालायला उचलला. आजोबांनी तो हातातून घेतला.

“राहू दे इथे. लेक विचारेल तर दाखवायला. सही करणार नाही म्हणत नाही मी. पोरीचं नुकसान होत असेल तर मी मुका राहीन. पण आधी मला कुणीतरी नीट सांगा, की होतंय.”

त्यांनी कागद घडी घालून कोयत्याखाली दाबून ठेवला.

*

शुक्रवारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी वेनबाई उपमुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. ल्वो सर पन्नाशीचे, शेजारच्याच गावचे. त्यांची शाळेची भाषा ऐकून बाहेरून आलेले तपासनीस हसू दाबत. सरोवराला ते ‘हू’ न म्हणता ‘फू’ म्हणत, आणि स्वतःच त्यावर विनोद करत.

बाईंनी पेपर ठेवला. लाल आकडा सात. हिरवा आकडा एकोणीस. सोबत दोन पानं, वीस प्रश्नांची हाक्का उत्तरं, यिंगजूनं सांगितलेले नियम आणि न सापडलेला नियम.

“हिरवा कशाला?” ल्वो सर म्हणाले. “वेनबाई, तक्त्यात रकाना एक आहे.”

“माहीत आहे.”

“कुठला भरू?”

“दोन्ही.”

“एका रकान्यात दोन आकडे. तुम्हाला बक्षीस कुणी दिलं हो?” ते वाचू लागले. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर ते हळू झाले. ओठ हलू लागले. “सिप्,” ते म्हणाले. “साक्. सित्.” मग पुन्हा “सिप्”. त्यांनी दोन बोटं ओठांना लावली आणि तसेच खिडकीबाहेर पाहत राहिले. मैदानावर मुलं रांगा करत होती.

“चार वाजायला दोन मिनिटं आहेत,” वेनबाई म्हणाल्या.

“कान तपासायचे म्हणतात पोरीचे,” ल्वो सर म्हणाले. “आपले कोण तपासणार?” पण त्यांनी नाव खोडलं नाही. तसा त्यांना अधिकार नव्हता. रकान्यात त्यांनी ७ लिहिला, शेजारी जागा नव्हती म्हणून समासात १९ लिहिला, दोन पानं टाचली आणि पाकीट बंद केलं. ते चार वाजून तीन मिनिटांनी गेलं.

त्यानंतरची माहिती एवढीच आहे.

यादी जिल्ह्याच्या कार्यालयात सोमवारी पोचली. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिथल्या एका कारकुनाचा ल्वो सरांना फोन आला. समासातला आकडा कसला, असं त्यानं विचारलं. सरांनी सांगितलं. तो म्हणाला, मी उत्तरेकडचा, मला यातलं काही कळत नाही, तुमच्याकडे दहाला काय म्हणतात ते एकदा म्हणून दाखवा. सरांनी म्हटलं. तो म्हणाला, पुन्हा म्हणा, शेवट तुटतोय, लाइन खराब आहे. सरांनी तीनदा म्हटलं. लाइन चांगली होती. ओठ मिटल्याचा आवाज फोनमधून जात नाही.

मग कारकुनानं सांगितलं की पानं वरच्या साहेबांकडे पाठवतो, तोवर नाव यादीत राहील.

ल्याओ आजोबांकडचा कागद बुधवारपर्यंत कोयत्याखालीच होता, सहीविना. यिंगजूच्या वडिलांनी नव्या वर्षानंतरच्या सहाव्या दिवशीची शेनझेनची दोन तिकिटं काढली आहेत, एक स्वतःचं, एक अर्धं. ती रद्द केलेली नाहीत. वेनबाईंची मुलगी अजून ‘सिपू’ म्हणते. गुरुवारी दुपारी यिंगजू व्हरांड्यातल्या पाटीखाली आली आणि तिनं बाईंना सांगितलं की बंद दाराच्या शब्दांच्या सुरांचा तिला थोडासा नियम सापडल्यासारखा वाटतो आहे. पण तो फक्त वरच्या सुरातल्या शब्दांना लागतो, खालच्यांना नाही, आणि अजून तिनं सगळे शब्द मोजलेले नाहीत.